गॅस्केट गेलं, पण का गेलं?

'हेड गॅस्केट उडालंय' असं मेकॅनिकने सांगितलं, की जुन्या गाडीच्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. डॉक्टरांनी 'ॲडमिट करावं लागेल' म्हटल्यावर होतो ना, तसा. मग सल्ले सुरू होतात. एक ठरलेला सल्ला असतो, 'काढून टाका हो आता, किती दिवस ओढणार?' दुसरा अलीकडचा, 'यूट्यूबवर बघा, घरीच होतं, काही अवघड नाही.' मला हे दोन्ही सल्ले अर्धवट वाटतात.

जुन्या, साध्या बांधणीच्या गाडीचं हेड गॅस्केट घरी बदलता येतं, आणि ज्याच्याकडे वेळ व थोडी जागा आहे त्याने ते बदलावं, अशा मताचा मी आहे. पैसे वाचतात हे त्याचं कारण मी मानत नाही. हत्यारं विकत घ्या, चार वेळा बाजारात खेटे घाला, यात वाचलेले पैसे बरेचसे जातात. माझं कारण वेगळं आहे. गॅरेजात 'काय बिघडलं' याचं उत्तर मिळतं. 'का बिघडलं' हे विचारायला तिथे कुणाला वेळ नसतो. तो वेळ घरी मिळतो.

ज्यांना गाडीच्या पोटातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाचे मुख्य भाग दोन. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वर-खाली होतात. वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग असतात. या दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला, भोकाभोकांचा पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या झाकणाला रबराची रिंग असते, तिचं हे थोरलं भावंड म्हणा. पण कुकरच्या रिंगला फक्त वाफ अडवायची असते, आणि ती रोज काढून धुऊन परत लावता येते. हेड गॅस्केट एकदा दाबलं गेलं की संपलं. हेड उचललं तर नवंच घालावं लागतं.

आणि काम तरी केवढं! पेट्रोल पेटल्यावर तयार होणारा वायू सिलिंडरमधून निसटू द्यायचा नाही, इंजिन गार ठेवणारं पाणी पाण्याच्या वाटेने जाऊ द्यायचं, ऑइल ऑइलच्या वाटेने जाऊ द्यायचं, आणि या तिघांची कधी गाठ पडू द्यायची नाही. जळणाऱ्या वायूचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. त्यातच पुष्कळ इंजिनांत हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गाडी तापली आणि गार झाली की दर वेळी हे दोन शेजारी कमीजास्त सरकतात आणि मधलं गॅस्केट ते निमूटपणे सोसतं. वर्षानुवर्षं सोसतं. त्यामुळे ते एकाएकी 'उडतं' तेव्हा बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो. इंजिन कधीतरी प्रमाणाबाहेर तापलेलं असतं आणि त्याची शिक्षा गॅस्केटने भोगलेली असते.

माझ्या पुतण्याकडे २००६ सालची मारुती ८०० आहे. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं साधं इंजिन. ओम्नीलाही ७९६ सीसीचंच इंजिन होतं आणि ती २०१९ पर्यंत निघत होती. त्यामुळे या गाडीचे सुटे भाग शोधायला फार वणवण करावी लागत नाही. पुतण्याच्या गाडीचं गॅस्केट गेलं ते एका गॅरेजात बदलून घेतलं. सकाळी दिली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. सगळे खूश. आठ महिन्यांनी, मे महिन्यात, खंबाटकीच्या घाटात गाडी पुन्हा उकळली.

त्यानंतर लक्षणं दिसायला लागली. रोज सकाळी पाणी कमी झालेलं असे, पण गाडीखाली थेंब नसे. सायलेन्सरमधून पांढरा धूर येई आणि इंजिन चांगलं तापल्यावरही थांबत नसे. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा फेस जमे. यातली कुठलीही एक खूण पुरेशी नाही बरं का. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ धडधाकट गाडीतूनही येते, आणि गाडी रोज फक्त कोपऱ्यापर्यंत नेली तर झाकणाखाली फेस तसाही जमतो. पण या तिन्ही खुणा एकत्र आल्या, की संशय घ्यायला हरकत नाही. पुतण्याने ओळखीच्या मिस्त्रींकडून कॉम्प्रेशन तपासून घेतलं. पहिला सिलिंडर ठीक होता. दुसरा आणि तिसरा, दोन्ही सारखेच पडलेले. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले, की दोघांमधली गॅस्केटची भिंत गेली असं समजायचं.

या वेळी त्याने ते काम घरी करायचं ठरवलं. तीन रविवार गेले. मी हत्याराला हात लावण्याच्या वयाचा नाही, माझ्याकडे वहीचं काम होतं. सोडलेली प्रत्येक नळी, प्रत्येक वायर, प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते लिहायचं आणि तो बोल्ट नंबर घातलेल्या कागदी पाकिटात टाकायचा. मोबाइलवर फोटो तर सगळेच काढतात. पण फोटोत तो बोल्ट किती लांबीचा होता ते कळत नाही, वहीत कळतं.

आता मुद्द्याची गोष्ट. हेड निघाल्यावर, जुनं गॅस्केट बघून 'हे बघा, इथे जळलंय' असं म्हणून नवं घालण्याचा मोह फार होतो. पहिल्या वेळी गॅरेजात हेच झालं असणार. या वेळी मिस्त्री म्हणाले, 'थांब. आधी हेड सरळ आहे का बघ.' एक अचूक स्टीलची पट्टी हेडच्या तोंडावर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची आणि खालच्या फटीत फिलर गेजचं पान सरकवून बघायचं. अशा लहान इंजिनात पाच शतांश मिलिमीटरच्या, म्हणजे ०.०५ मिमीच्या आसपासची फट ही शेवटची मर्यादा समजतात. आपल्या डोक्याचा केस साधारण याहून जाड असतो. पुतण्याच्या हेडखाली, नेमकं दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, ०.१५ मिमीचं पान सहज गेलं. म्हणजे हेड वाकलेलं होतं. त्यावर सोन्याचं गॅस्केट बसवलं असतं तरी ते टिकलं नसतं.

पण हेड वाकलं का? जास्त तापलं म्हणून. जास्त का तापलं? आता शोधणं आलं. पंखा वेळेवर लागत होता. पाण्याचा पंप फिरत होता. थर्मोस्टॅट बघायला गेलो तर जागेवर थर्मोस्टॅटच नाही! कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला. आपल्याकडे हा सर्रास चालणारा उपाय आहे. 'आपल्या हवेत त्याची गरज नाही, तो थंड देशातल्या गाड्यांसाठी' असं ठामपणे सांगितलं जातं. मला हे पटत नाही. इंजिन ठराविक तापमानाला पोचेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, हे थर्मोस्टॅटचं काम. तो काढला की सपाट रस्त्यावर इंजिन हवं तेवढं तापतच नाही. मग पेट्रोल जास्त लागतं, ऑइल लवकर खराब होतं, आणि काटा मात्र खाली राहतो म्हणून मालक निर्धास्त असतो. ताप मोजायचा थर्मामीटर फोडून 'आता ताप नाही' म्हणण्यातलाच हा प्रकार झाला.

इथे तसंच झालं होतं. खरा रोग रेडिएटरमध्ये होता. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलेलं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यालासुद्धा पांढरा थर बसतो, मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होणार? निम्म्या नळ्या बुजलेल्या होत्या. रोजच्या चार किलोमीटरला उरलेल्या निम्म्या पुरत होत्या. घाट लागला, एसी चालू, आत पाच माणसं, की पुरत नव्हत्या. गॅस्केट दोनदा गेलं त्याचं मूळ हे असं पिण्याच्याही लायकीच्या नसलेल्या पाण्यात होतं.

यात त्या गॅरेजवाल्याला मी फारसा दोष देत नाही. गाडी टाकताना त्याला काय सांगितलं जातं? 'उद्या संध्याकाळपर्यंत द्या, आणि बघून घ्या जरा, जास्त खर्च नको.' हेड लेथवाल्याकडे पाठवायचं तर एक दिवस वाढतो. रेडिएटर उघडायचा तर बिल वाढतं, आणि बिल वाढलं की 'आम्ही गॅस्केटसाठी गाडी दिली होती, रेडिएटर कुणी सांगितला?' हेही ऐकावं लागतं. 'का' शोधण्याची मजुरी आपल्याकडे कुणी देत नाही. बदललेल्या वस्तूचे पैसे आपण मोजतो, कारण ती हातात धरून बघता येते. विचार केल्याचे पैसे द्यायला मात्र जीवावर येतं. तेव्हा घाईघाईत झालेल्या दुरुस्तीत गिऱ्हाइकाचाही वाटा असतो, हे कबूल करायला हवं.

'घरीच होतं, काही अवघड नाही' म्हणणाऱ्या दुसऱ्या मंडळींशीही माझं भांडण आहे. घरी करायचं याचा अर्थ सगळं घरी करायचं असा नव्हे. वाकलेलं हेड घरी सरळ होत नाही. एका व्हिडिओत एक गृहस्थ काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर हेड घासत होते. बघून अंगावर काटा आला. ते काम मशीनचं. मशीनवाल्याने किती धातू काढला आणि हेडची जाडी पुस्तकातल्या मर्यादेत राहिली का, हे विचारून घेणं एवढंच आपलं काम. आपल्याला काय येत नाही हे ओळखणं हीसुद्धा कारागिरीच आहे.

तसाच दुसरा विषय बोल्ट आवळण्याचा. 'हाताला कळतं हो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तीस वर्षं हेच काम केलेल्या एखाद्या मिस्त्रींच्या हाताला कळतही असेल. रविवारी पाना धरणाऱ्याच्या हाताला नाही कळत. त्यासाठी टॉर्क रेंच लागतो आणि त्या गाडीच्या पुस्तकातला आकडा लागतो. विकत घ्यायचा नसेल तर मागून आणावा, पण त्याशिवाय काम करू नये. आवळण्याला क्रम असतो. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी कडेकडे जायचं, तेही एकदम पूर्ण न आवळता दोन-तीन फेऱ्यांत. गादीवरच्या चादरीच्या सुरकुत्या आपण मधून कडेला सारतो, तोच न्याय. सोडताना उलट, कडेकडून मध्ये, आणि इंजिन पूर्ण गार असताना. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल साचलेलं असेल तर तेही आधी टिपून घ्यायचं. कारण द्रव दाबला जात नाही. वरून बोल्ट आवळत गेलात तर खालचा ब्लॉक तडकू शकतो.

आणखी दोन गोष्टी, शिक्षकी सवय म्हणून. जुन्या काळच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. तसं गॅस्केट चिकटून बसलेलं असेल तर कोरडं खरवडून धूळ उडवू नये, ओलं करून काढावं. आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नये. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री ते चाटतात, लहान मुलांचाही नेम नसतो.

हे सगळं जुन्या, साध्या इंजिनाबद्दल झालं. आजच्या अनेक गाड्यांत हेडचे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, पुन्हा वापरायचे नसतात. ते ठराविक अंशांच्या कोनात फिरवून आवळावे लागतात. गॅस्केट पोलादी पत्र्यांच्या थरांचं असतं आणि त्याला खालचा-वरचा पृष्ठभाग फारच गुळगुळीत लागतो. अशी गाडी अंगणात उघडून बसू नये. हौस आणि हट्ट यात फरक आहे.

मग एवढा खटाटोप सांगायचा कशाला? कारण मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. आमच्या पिढीने शाळेत 'कार्यानुभव' नावाचा विषय शिकवला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कामाचा अनुभव हा शिक्षणाचा भाग असावा असं सांगितलं होतं. त्याच्याही आधी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. ही कल्पना आपल्याच महाराष्ट्रात जन्मली म्हणायची. प्रत्यक्षात काय झालं ते शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कार्यानुभवाचा तास गणिताचा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी वापरला गेला, आणि वर्षाअखेरीला दुकानातून आणलेल्या तोरणांवर श्रेणी दिल्या गेल्या. यात एकेका शिक्षकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. आई-वडिलांना तेच हवं होतं, समाजालाही तेच हवं होतं. हात काळे करणारं काम म्हणजे शिक्षण कमी पडलेल्याचं काम, ही समजूत आपल्या पांढरपेशा घरांत इतकी मुरलेली आहे की ती कुणी बोलूनही दाखवत नाही.

त्या अंगणात मी जे बघितलं ते मात्र शिक्षणच होतं. पुतण्या इंजिनिअर आहे, संगणकाचा. धातू तापल्यावर प्रसरण पावतो हे त्याने सातवी-आठवीत कधीतरी पाठ केलं असेल. त्या दिवशी पट्टीखाली फिलर गेज सरकलं तेव्हा ते त्याला कळलं. 'काका, हे एवढंसं?' म्हणाला. एवढंसंच. कार्यकारणभाव हा मोठा शब्द आम्ही फळ्यावर लिहीत आलो. बुजलेल्या नळीपासून वाकलेल्या हेडपर्यंत आणि तिथून जळलेल्या गॅस्केटपर्यंत बोटाने दाखवता येईल असा तो मला फार क्वचित भेटला आहे.

अशी कामं करायची जागाच आता कमी होत चालली आहे, हे मला खटकतं. शहरांत अंगणं गेली. बऱ्याच सोसायट्यांत पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई असते. सांडलेलं ऑइल बघता ती समजण्यासारखी आहे, पण सोसायटीने एक कोपरा त्यासाठी ठेवावा असंही कुणाला सुचत नाही. सरकारी धोरणाचा कलही गाडी बदलण्याकडे आहे. १५ वर्षं झालेल्या खासगी कारच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं, आणि २० वर्षांवरच्या कारसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपये केलं गेलं. धूर ओकणारी गाडी रस्त्यावर नको, याबद्दल माझं दुमत नाही. पण ती धूर ओकते का हे तपासून ठरवावं. निव्वळ वय बघून माणसाला निवृत्त करतात, ते एक मी समजू शकतो. यंत्राला तो नियम कशाला?

याच्या उलट दिशेनेही थोडं काही होत आहे, तेही सांगायला हवं. 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीची अवजारं यांच्याबरोबर मोटारगाड्याही त्यात आहेत. दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि सुटे भाग गिऱ्हाइकाला मिळावेत, हा त्यामागचा विचार मला शंभर टक्के पटतो. फक्त हक्क मिळाला म्हणजे हाताला काम आलं असं होत नाही. पुस्तक मिळेल, पण वाचून पाना उचलणारा मुलगा कुठून आणायचा?

लोक म्हणतील, विजेवरच्या गाड्या आल्या, त्यांना हेड गॅस्केटच नसतं, मग ही विद्या शिकून करायचं काय? खरं आहे. ही विद्या पुढच्या पिढीला लागणारही नाही कदाचित. पण बिघडलेली वस्तू समोर आली की आधी ती का बिघडली ते शोधावं, जे येत नाही ते जाणकाराकडून करून घ्यावं, आणि जे येतं ते मोजून-मापून, क्रमाने करावं, हे तर लागेलच ना? बॅटरीच्या गाडीलाही लागेल, आणि गाडी नसलेल्यालाही.

पुतण्याच्या गाडीचा रेडिएटर नवा घातला. थर्मोस्टॅट परत बसवला, ऑइल बदललं, डिस्टिल्ड पाण्यात मिसळून कूलंट भरलं आणि आतली हवा नीट काढली. त्याला आता वर्ष होऊन गेलं. पाण्याची पातळी जागची हललेली नाही.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एवढंच करा. आठवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन अगदी गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघा. गरम असताना मात्र चुकूनही उघडू नका, हात-तोंड भाजेल. पाणी कमी दिसलं तर भराच. पण भरण्याआधी ते गेलं कुठे, याचा शोध घ्या.